पाण्याखालच्या देवाचा ठसा

१९ मे १९४६, रविवार. सकाळी सातच्या सुमारास मी छापखान्याच्या मागच्या ओसरीवर ठसे धूत बसले होते. समोर घासलेटची वाटी, चिंध्या आणि आठवडाभरात वापरलेले दहा-बारा लाकडी ठसे. रविवारी छापखाना बंद असे, पण हे काम मी दुसऱ्या कोणाकडे देत नसे. शाई कोरीव रेघांत सुकून बसली की पुढच्या खेपेला गणपतीच्या सोंडेच्या जागी काळा डाग उमटतो आणि लग्नपत्रिका परत येतात.

छापखाना संगमनेरात, यजमानांनी काढलेला. चार वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा विकून टाका म्हणणारे पुष्कळ होते. मला अक्षरांचे खिळे जुळवता येत होते, प्रूफ तपासता येत होतं आणि पायाचं यंत्रही चालवता येत होतं. मग विकायचं कशाला? एक म्हातारा जुळारी होता, तो राहिला. ठसे कोरणारा होता, तोही राहिला.

ही हकिकत त्या ठसे कोरणाऱ्याची आहे.

तो भंडारदऱ्याच्या बाजूचा ठाकर. आठेक वर्षांपूर्वी लाकडाच्या गाडीबरोबर आमच्याकडे आला. यजमानांना ठशांसाठी शिसवीच्या फळ्या हव्या होत्या. फळ्या मोजून होईपर्यंत हा ओट्यावर बसला आणि एका ढलपीवर चाकूनं कोंबडी कोरली. यजमानांनी तिला शाई लावून कागद दाबला. कोंबडी उमटली, पायाच्या नख्यांसकट. गाडी परत गेली, हा राहिला. तेव्हा विशीचा असेल.

आमची कामाची पद्धत अशी. गिऱ्हाईक चित्र आणून देई. ते मी पातळ कागदावर उतरवून घ्यायची, कागद पालथा करून फळीवर खळीनं चिकटवायची आणि वरून तेलाचा हात फिरवायची. पाठीमागून रेघा दिसू लागत. त्या रेघांवरून तो कोरायचा. फळीवर चित्र उलटं असलं तरच कागदावर सुलटं उमटतं. हे उलटवण्याचं काम माझं. त्याला डाव्या-उजव्याचा विचार कधी करावा लागला नाही, आणि तो करायला मी त्याला कधी शिकवलंही नाही.

शनिवारी काम संपलं की तो उरलेल्या तुकड्यांवर आपलं काहीतरी कोरत बसे. सगळं तळ्याच्या काठाचं. धरणाचं पाणी, त्याच्या कडेनं बगळे, गाळात मासे धरणाऱ्या बाया, एकमेकांच्या कमरेला धरून गोल नाचणारी माणसं. पाणी तो माशाच्या काट्यासारखं काढी, आणि आभाळ काढतच नसे. हे मात्र तो थेट फळीवर कोरायचा, उलटवण्याची भानगड नाही. बगळा डावीकडे उमटला काय आणि उजवीकडे उमटला काय, कोणाचं बिघडत नव्हतं. मला चित्रातलं फारसं कळत नाही. शाई कुठे कमी पडली ते कळतं, आणि त्याच्या ठशांत ती कुठे कमी पडत नसे. एकदा शाळेतले एक मास्तर ते कागद पाहून म्हणाले, “अरे, माणसं अशी काड्यांची का काढतोस?”

“मास्तर, लांबून तुमीबी काडीच दिसता,” तो म्हणाला.

मास्तर हसले. दोन कागद मागून घेऊन गेले.

तर त्या रविवारी सगळे ठसे धुऊन झाले आणि शेवटी हातात आला तो त्याचा स्वतःचा, पाटाएवढा मोठा. त्याची कथा मला ठाऊक होती. त्याचं मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. तेव्हा तो पाच-सहा वर्षांचा. माणसं डोंगराच्या अंगाला चार वाड्या करून राहिली, पण गावाचा वाघोबा खालीच राहिला. दगडावर वाघ, वर सूर्य आणि चंद्र, असा तो देव. त्याला हलवायचा कौल तेव्हा मिळाला नव्हता. यंदा उन्हाळ्यात पाणी कधी नव्हे इतकं खाली गेलं, जुन्या गावठाणाची जमीन उघडी पडली आणि भगतानं विचारल्यावर कौल मिळाला. पण वर दोन-तीन हात गाळ साचलेला, आणि देव नेमका कुठे यावर म्हाताऱ्यांचं एकमत नव्हतं. दोनच खुणा शिल्लक होत्या. एक उखळांचा खडक, जिथे गावच्या बाया भात सडत. दुसरी तोडलेल्या उंबराचं खोड. देव त्या दोहोंच्या मध्ये, पण एका अंगाला. कोणी म्हणे डोंगराच्या अंगाला, कोणी म्हणे पाण्याच्या.

पक्कं माहीत होतं ते त्याच्या आईला. तिचा नवरा त्या देवाला रोज पाणी घालत असे. पौषात कोरणारा घरी गेला तेव्हा, म्हातारी आहे तोवर जुनं गाव उतरवून घ्यावं म्हणून, कोरी फळी बरोबर घेऊन गेला होता. म्हातारीनं कोळशानं फळीवर सगळं गाव काढलं. घरं, वाटा, खडक, उंबर, देव. शेवटी कोपऱ्यात तांदळाच्या पिठात बुडवून हाताचा पंजा उठवला. फाल्गुनात ती वारली. चैत्रात यानं तिच्या रेघांवरून पटाशी चालवली. एकही रेघ हलवली नाही, पंजासुद्धा जसाच्या तसा कोरला. मग मला म्हणाला, चार वाड्यांत वाटायला तीस कागद हवेत.

कागदाची टंचाई होती, पण लग्नपत्रिकांच्या तावांची रुंद कात्रणं निघालेली होती. मी ती दिली. त्यानं पहिला कागद काढून माझ्यापुढे धरला. “बाई, ठीक हाय?”

माझ्या हातात दुसऱ्याच कामाचं प्रूफ होतं. वैशाखात आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. “ठीक आहे, आण पुढचे,” मी म्हटलं.

गुरुवारी तो तीस कागद घेऊन गेला. सोमवारी उजाडता देव काढायचा होता.

आणि रविवारी सकाळी मी त्या फळीवरून चिंधी फिरवत होते. कोपऱ्यातला पंजा साफ करताना माझा हात त्यावर सहज बसला. उजवा हात, अंगठ्यावर अंगठा. करंगळी मात्र माझ्या करंगळीपेक्षा आखूड होती.

मी चिंधी खाली ठेवली. भिंतीला खिळ्यावर याच ठशाचा एक बिघडलेला कागद टांगलेला होता, तो काढून आणला. कागदावरच्या पंजावर उजवा हात ठेवला. अंगठा भलत्याच बाजूला. डावा ठेवला. बरोबर बसला.

देवाच्या कामाला कोणतीही बाई डावा हात उठवत नाही. म्हणजे कागदावर पंजा उलटा आला होता. पंजा उलटा, तर गावही उलटं. म्हातारीनं थेट फळीवर काढलं होतं, ते सुलटं होतं, आणि छापल्यावर ते फिरलं. खडक आणि उंबर या दोन खुणा जुळवल्या की कागद बरोबरच वाटणार, आणि देव मात्र पडणार दुसऱ्या अंगाला.

म्हातारा जुळारी रविवारीही चहाला यायचा. तो दारात उभा होता. मी त्याला कागद आणि फळी दोन्ही दाखवली.

“बाई, देवाला डावं काय नि उजवं काय,” तो म्हणाला.

“देवाला नसेल. कुदळीला असतं.”

“मग दुसरीकडे खणतील. खणायला काय लागतं?”

हेच त्याला माहीत नव्हतं, मला होतं. कोरणाऱ्यानं जाताना सांगितलं होतं. त्यांच्यात असा देव काढायचा तर कुदळीनं जागा एकदाच धरायची, खड्डा एकच. पहिली कुदळ जिथे पडेल तिथे देव लागला, तर तो आला. नाही लागला, तर त्याला यायचं नाही असं समजायचं, हात जोडायचे आणि पुन्हा त्या जमिनीला हात लावायचा नाही.

“नऊची अकोल्याची मोटर मिळेल का?” मी विचारलं.

जुळाऱ्यानं घड्याळाकडे पाहिलं. “चहा टाकला नाहीत तर मिळेल.”

मी फळी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधली, बिघडलेला कागद तिच्यात घातला, चार दशम्या आणि लोणचं घेतलं आणि निघाले. मंगळवारी द्यायच्या पत्रिकांचं काम जुळाऱ्याला समजावून सांगितलं. चहा त्यानंच करून घ्यावा म्हटलं.

अकोल्यापर्यंत बसायला जागा मिळाली. अकोल्याहून राजूरला मोटरीत उभी होते, एका हातात दांडी आणि दुसऱ्या हाताखाली फळी. एका गृहस्थानं विचारलं, “पोळपाट का?” मी हो म्हटलं. राजूरहून धरणावरच्या कचेरीचं सामान घेऊन जाणारी बैलगाडी मिळाली. पुढे तळ्याच्या कडेनं तासभर चालत. पाणी लांब खाली, मधे भेगाळलेला गाळ, आणि त्या गाळात बगळे. मला वाटत होतं तो बगळे जरा जास्तच काढतो. तितके खरोखरच होते.

पाचच्या सुमारास मी त्याच्या मावशीच्या घरासमोर पोचले. तो अंगणात कुदळीचा दांडा घट्ट करत होता. मला पाहून उठला.

“बाई? काय झालं? कुनी गेलं का?”

“कोणी गेलेलं नाही. बस. जागा ठरली का?”

“ठरली की. डोंगराच्या अंगाला. कागद बघून भगतानं चार दगड मांडलं. बघा तितं.”

खाली गावठाणात खडक आणि खोड दोन्ही दिसत होती. त्यांच्या वरच्या बाजूला चार दगडांचा चौकोन, आणि एका दगडाखाली माझ्याच छापखान्याचा कागद.

मी फळी सोडली आणि काय झालं ते सांगितलं. एकदा सांगितलं. तो फळीकडे बघत राहिला. मग स्वतःचा हात त्या पंजावर ठेवला, काढला, कागदावर ठेवला, काढला.

“मी इचारलं हुतं तुमाला,” तो म्हणाला. “ठीक हाय का म्हनून.”

“विचारलं होतंस.”

“तुमी ठीक हाय म्हनला.”

“म्हटलं. न बघता म्हटलं. चूक माझी आहे, ती सांगायला आले.”

तो उठून दोन पावलं गेला आणि परत आला. “आता कसं सांगू ह्यास्नी? आठ वर्सं मला म्हनत्यात, ठाकराचं पोर शाईत बुडालं. आईचा कागद बघितला तवा कुटं माझं ऐकलं. आता म्हनू कागद खोटा हाय? मंग म्हनतील म्हातारीच खोटी. आईचा शब्द खोटा पडंल, बाई.”

“आईचा शब्द फळीवर आहे. कागदावरचा माझा आहे. उद्या कुदळ कागदावरून पडली तर मात्र तिचा शब्द कायमचा खोटा पडेल.”

आतून त्याची मावशी बाहेर आली. म्हणजे त्याच्या आईची धाकटी बहीण. बोलायला फटकळ, अंगानं काटक. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली आणि गाव बुडाल्यावर इकडे येऊन राहिलेली, म्हणून देवाची जागा तिला माहीत नव्हती, पण आमचं बोलणं तिनं सगळं ऐकलं होतं.

“ही का तुजी बाई? हिच्या मशिनीनं आमचा देव फिरवला व्हय?”

“हो, मीच,” मी म्हटलं.

“बस मंग. भाकर खा. देव फिरवून दमली असशील.”

नाचणीची भाकरी आणि सुक्या मासळीची चटणी तिनं पुढे ठेवली. मग आठवलं तशी म्हणाली, “बामनाला मासळी चालत न्हाई न्हवं?”

“मासळी राहू दे. भाकरी चालते.”

“आमच्या हातची?”

“भुकेला चालते,” मी म्हटलं. माझ्या दशम्या मी तिच्यापुढे ठेवल्या. तिनं एक तोडली, चावली. “बामनं खात्यात ते ह्ये? मऊ हाय. दात नसले की बरं.”

भाकरी खाऊन होताच तिनं भाच्याला भगताकडे पिटाळलं. ऊन अजून डोंगरावर होतं. अर्ध्या तासात उंबराच्या खोडाजवळ वीस-पंचवीस माणसं जमली. भगत सगळ्यांत म्हातारा, सगळ्यांत कमी बोलणारा. एका डोळ्यानं अधू असलेला दुसरा एक म्हातारा त्याच्या शेजारी बसला होता. देव पाण्याच्या अंगाला आहे असं हा सुरुवातीपासून सांगत होता, असं मला नंतर कळलं. कागद आल्यावर लोकांनी त्याला हसून गप्प केलं होतं.

कोरणारा उभा राहिला आणि माझ्याकडे बघू लागला. मग मी फळी जमिनीवर ठेवली, शेजारी कागद पसरला आणि म्हटलं, “छापताना चित्र फिरतं. डावं उजवीकडे जातं. हे बघायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. फळी खरी आहे.”

गलका झाला. “पुस्तकंबी अशीच फिरतात का मंग?” एकानं विचारलं. “आदी कागद खरा, आता लाकूड खरं. सकाळी काय खरं ऱ्हाईल?” दुसरा म्हणाला. लोक हसले. कोरणाऱ्याचं तोंड उतरलं. विचारणाऱ्याचं चूक नव्हतं. मी छापखान्यात सांगते तसं आरशाचं उदाहरण द्यायला लागले, पण ते कोणाला पटेना. तिथे आरसा होता कोणाकडे?

तेवढ्यात मावशी पुढे आली. फळीपाशी उकिडवी बसली आणि आपला उजवा हात पंजावर ठेवला.

“ही करंगळी बगा. इळा लागून शेंडा गेला हुता माज्या भनीचा. ठावं हाय ना समद्यास्नी? उजव्या हाताचा.” मग कागद ओढला. “आन् ह्ये बगा. ह्यो डावा हात हाय. माज्या भनीचा डावा हात धड हुता. आन् देवाच्या कामाला डावा हात उठवंल ती? सांगा कुनी. माज्या तोंडावर सांगा.”

एकेक जण पुढे येऊन फळीवर हात ठेवून बघू लागला. कागदावर ठेवू लागला. मी जे सांगत होते ते पटवायला तेवढं पुरलं. सगळ्यांत शेवटी भगत आला. त्यानं दोन्हीवर हात ठेवला आणि बराच वेळ फळीवरच्या रेघांवर बोट फिरवलं. खडकापासून उंबराकडे, उंबरापासून देवाकडे. बोट पाण्याच्या अंगाला गेलं.

अधू डोळ्याच्या म्हाताऱ्यानं घसा खाकरला. “दोन डोळ्यांची तुमी मान्सं. म्या एकाच डोळ्याचा. म्हनून इचारतो, काय दिसलं?”

“गप रं,” भगत म्हणाला. पण हसला.

मग तो माझ्याकडे वळला. “कुदळ पडली न्हाई अजून. कुकू कागदाला लागलं, भुईला न्हाई. तवा दगड उचलून हिकडं मांडता येतील.” पुढे म्हणाला, “पन ज्याच्या हातनं फिरला, त्याच्याच हातनं सरळ व्हाया पायजे. पैली कुदळ तुजी, बाय.”

माझ्या मनात आलं की मी विधवा, आमच्याकडे मला हळदीकुंकवालाही कोणी बोलावत नाही, आणि इथे देवाची पहिली कुदळ. ते मी बोलून दाखवलं, कारण मागाहून कळून वाद नको.

“तुजा दादला मेला त्यात देवाचं काय गेलं?” मावशी म्हणाली. “कुदळ उचलंल का तुला, त्ये सांग.”

“उचलेल,” मी म्हटलं.

चार दगड उचलून खाली पाण्याच्या बाजूला नेले. तिथला गाळ ओला होता, पाणी वीस पावलांवर. वर खणायला सोपं होतं आणि खाली अवघड. कागदावर त्यांनी लगेच विश्वास का टाकला होता याचं एक कारण मला तिथे उभं राहिल्यावर समजलं. कोरणाऱ्यानं फळी उचलून घेतली. दगडाखाली ठेवलेला कागद माझ्याकडे दिला. मी तो घडी करून कमरेला खोचला. एका बाजूनं कोरा होता, काहीतरी लिहायला आला असता.

वाड्यांत वाटलेले बाकीचे कागद परत घेऊ का, असं मी त्याला विचारलं. त्यानं मान हलवली. “ऱ्हाऊ द्या. बायांनी देव्हाऱ्यात लावल्यात. मी नवं काढून देईन, मंग जुनं पान्यात सोडतील.”

“नवे काढताना पातळ कागदावर आधी उतरवून घे. मग पालथा चिकटव. तुला सगळं दाखवते. आता ते तूही शिकायचंस.”

“आईच्या रेघा सोडून दुसऱ्या कोरायच्या?”

“त्याच रेघा. फक्त फिरवून.”

त्यानं फळीवरच्या पंजाकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, “पंजा मातर फिरवायचा न्हाई. त्यो हितंच ऱ्हाऊ दे, फळीवर.” ते मला मान्य झालं. नव्या ठशात पंजा नसेल, जुनी फळी त्याच्या घरी राहील. झोपायला मावशीनं मला अंगणातली बाज दिली आणि भाच्याला जमिनीवर घोंगडं.

सकाळी उजाडायच्या आत तिनं उठवलं. तळ्यावर जाऊन तोंड धुतलं. सगळी माणसं आधीच जमली होती, चारी वाड्यांची. बायका खडकावर बसल्या होत्या, उखळांभोवती. त्यांच्या आया तिथे भात सडत असतील. भगतानं तांदूळ टाकले, पुटपुटला आणि कुदळ माझ्या हातात दिली.

मी पदर खोचला. मावशी म्हणाली, “आनखी वर, पायात ईल.” मी आणखी वर खोचला. कुदळ जड होती, पण यंत्राच्या पायट्यावर चार वर्षं काढलेल्या बाईला न पेलण्याएवढी नाही. पहिला घाव घातला. गाळात कुदळ फसली, ओढून काढावी लागली. दुसरा घालणार तेवढ्यात भगत म्हणाला, “बास.” मी कुदळ कोरणाऱ्याच्या हातात दिली.

त्यानं खणायला सुरुवात केली, मग आणखी दोघं उतरले. गुडघाभर गेलं, काही नाही. खड्ड्यात पाणी झिरपू लागलं. बायका टोपल्यांनी गाळ उपसू लागल्या. मीही टोपली घेतली. नुसतं उभं राहून बघत बसणं मला जमत नाही. कमरेएवढं खणून झालं, तरी काही नाही. तो थांबला, फळी बघायला वर आला, खडकाकडे बघितलं, खोडाकडे बघितलं आणि खड्ड्यातच एक हात पाण्याकडे सरकून पुन्हा कुदळ घातली. या खेपेला आवाज वेगळा आला. दगडाचा.

कुदळ टाकून तो हातांनी गाळ काढू लागला. दगड पालथा पडला होता. चौघांनी मिळून उताणा केला. त्यानं हाताच्या पंजानं तो पुसला, मग कोणीतरी तांब्याभर पाणी ओतलं. वाघाचं शेपूट आधी दिसलं, मग सूर्य, मग चंद्राची कोर. भगत खाली बसला. बायका एकदम गायला लागल्या.

“पान्याच्या अंगाला म्हनलं हुतं का न्हवतं?” अधू डोळ्याचा म्हातारा समोर दिसेल त्याला विचारत सुटला. शेवटी त्यानं मलाही विचारलं. मी म्हटलं, “म्हटलं होतं.” त्याचं समाधान झालं.

कोरणारा खड्ड्यातून वर आला. मानेपर्यंत चिखल. त्यानं फळी उचलली आणि मातीच्या हातानंच पंजावरून हात फिरवला. माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, “पत्रिका मंगळवारी द्यायच्यात न्हवं?”

“हो. तू गुरुवारी ये. देव वर नेऊन बसवा आधी.”

धरणाकडून राजूरला जाणारी रिकामी गाडी आठ वाजता निघणार होती. मावशीनं दोन भाकरी फडक्यात बांधून दिल्या, चटणी न घालता. मी चालत गेले, गाडी गाठली. राजूरच्या विहिरीवर हातपाय धुतले, नखांतला गाळ काडीनं काढला, पदर सोडून नीट केला आणि अकोल्याच्या मोटरीत खिडकीशी जागा धरून बसले.